करार संपल्यावरही तीन वर्षं चहा विकायचा नाही? फ्रँचायझीतलं नॉन-कॉम्पीट कलम

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण दोन दिवस झोप लागलेली नाही. कराडात आमचा दहा बाय बाराचा गाळा आहे, वडिलांच्या नावावर. पाच वर्षांपूर्वी तिथं एका अमृततुल्यची फ्रँचायझी घेतली. नाव लिहीत नाही, वाद अजून मिटलेला नाही. साडेचार लाख फी, काउंटर-फर्निचर वेगळं, महिन्याला रॉयल्टी आणि चहा पावडर-मसाला फक्त कंपनीचाच घ्यायचा. धंदा चांगला झाला, खोटं कशाला बोलू, पहाटे साडेपाचला मी शटर उघडतो आणि दुपारी बायको येते, रात्री दहापर्यंत आलटून पालटून उभे असतो. पण पावडरीचा दर पाच वर्षांत तीनदा वाढला, कपाचा दर तेवढा वाढवता येत नाही, आणि महिनाअखेरीला हिशोब केला की मजुरीच उरते.

पुढच्या महिन्याच्या ३१ तारखेला करार संपतोय. रिन्यू करायचा नाही, त्याच गाळ्यात आपल्या नावानं चहा चालू करायचा असं घरात ठरलं. कंपनीला तसा मेल केला. चौथ्या दिवशी उत्तर आलं की कलम १८ बघा. बघितलं. करार संपल्यापासून तीन वर्षं, पाच किलोमीटरच्या आत, मी किंवा माझ्या कुटुंबातल्या कुणीही चहा-कॉफी किंवा तशा पेयांचा धंदा स्वतः किंवा दुसऱ्याच्या नावानं करायचा नाही, केला तर दहा लाख नुकसानभरपाई. पाच किलोमीटर म्हणजे कराड, मलकापूर, विद्यानगर सगळंच आलं की. मग मी काय करायचं? गाळा आमचा, गिऱ्हाईक रोज माझं तोंड बघून येतं. पण सही माझीच आहे, प्रत्येक पानावर आहे. कुणाला अनुभव असेल तर सांगा.


मुठेकाठी | मंगळवार, सकाळी ७:१५

दादा, वाईट वाटलं वाचून, पण सही केलीय म्हणजे बांधलेच गेलात तुम्ही. आमच्या शेजारच्यांनी अशाच कलमाला घाबरून चालू दुकान बंद केलं आणि आता तिथं स्टेशनरी विकतात. दहा लाखाची जोखीम घेऊ नका, तीन वर्षं नाश्त्याचं काहीतरी करा.


वकील_सह्याद्री | मंगळवार, सकाळी १०:०५

मुठेकाठी, तुमचा सल्ला काळजीपोटी आहे हे कळतं, पण नेमक्या याच समजुतीमुळं चालती दुकानं बंद पडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सही केली की सगळंच बांधतं असं नसतं. १८७२ चा भारतीय करार कायदा, कलम २७. कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल. सही, शिक्का, स्टॅम्प पेपर काहीही असलं तरी. अपवाद एकच लिहिलाय, गुडविल विकण्याचा, त्यावर पुढं बोलू.

हे कलम किती कडक आहे ते १८७४ सालीच ठरलं. कलकत्त्यात एकाच भागातले दोन दुकानदार, एकाला दुसऱ्याची स्पर्धा नको होती. त्यानं सांगितलं, तू इथलं दुकान बंद कर, मी तुला पैसे देतो. दुसऱ्यानं बंद केलं, पैसे मिळालेच नाहीत, म्हणून तो कोर्टात गेला. माधब चंदर विरुद्ध राजकुमार दास. कलकत्ता हायकोर्टानं म्हटलं की बंदी एका भागापुरतीच असली तरी ती बंदीच, करारच रद्दबातल, त्यामुळे पैसेही मागता येत नाहीत. इंग्लंडमध्ये बंदी वाजवी असेल तर चालते. आपल्याकडे 'पाच किलोमीटरच तर आहे, तीनच वर्षं तर आहेत' या युक्तिवादाला कलम २७ मध्ये जागाच ठेवलेली नाही. विधी आयोगानं १९५८ च्या तेराव्या अहवालात वाजवी बंदीला मुभा द्यावी असं सुचवलं होतं, पण कायदा काही बदलला नाही.

आपल्या माणसाचं उदाहरण देतो. श्रीरामपूरचा झहीर खान. २००० साली त्यानं परसेप्ट डीमार्क या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला, जाहिराती वगैरे त्यांनी बघायच्या. त्यात कलम असं की मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाची ऑफर आली तरी आधी आम्हाला दाखवायची, आम्ही तेवढेच देत असलो तर आमच्याकडेच यायचं. मुदत संपली, तो दुसरीकडे गेला, कंपनी मुंबई हायकोर्टात गेली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं आणि २००६ साली निकाल लागला की कराराची मुदत संपल्यानंतर लागू होणारी अशी बंदी कलम २७ खाली चालत नाही.

कृष्णाकाठ, तुमचं तीन वर्षांचं कलम नेमकं याच जातीचं आहे. पण ३१ तारखेपर्यंत काय करायचं हा वेगळा विषय आहे, तो संध्याकाळी लिहितो. तोवर एक बघून ठेवा. करार आपोआप रिन्यू होतो का, आणि नको असेल तर किती दिवस आधी आणि कशी नोटीस द्यायची असं लिहिलंय?


सई_नाशिक | मंगळवार, दुपारी २:३०

वकीलदादा, मीही याच चक्रात आहे म्हणून विचारते. माझं प्रीस्कूल आहे, फ्रँचायझीचंच. अजून बावीस महिने बाकी आहेत. यंदा किट्स दिवाळीनंतर आले, ट्रेनिंगला कुणी फिरकलं नाही, पालक मला विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसतं. पालकांचा विश्वास माझ्यावर आणि माझ्या दोन टीचर्सवर आहे. कलम २७ मुळे असं कलम रद्दच होत असेल तर मी जूनपासून स्वतःच्या नावानं शाळा चालू करू शकते ना? जागा तीच, मुलं तीच. माझ्याही करारात दोन वर्षांचं कलम आहे.


वकील_सह्याद्री | मंगळवार, रात्री ९:२०

सईताई, कृपा करून थांबा. तुमचं आणि कराडच्या दादांचं प्रकरण कागदावर सारखं दिसतं पण कायद्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. करार चालू असतानाची बंदी आणि करार संपल्यानंतरची बंदी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावरचा मोठा निकाल फ्रँचायझीचाच आहे. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला, सुप्रीम कोर्ट, १९९५. कोका कोलानं १९९३ साली पारलेचे गोल्ड स्पॉट, लिम्का, थम्स अप हे ब्रँड घेतले. गुजरात बॉटलिंग ही कंपनी हे पेय बाटल्यांत भरायची. त्यांच्यातल्या करारात होतं की करार चालू आहे तोवर, आणि एक वर्षाच्या नोटिशीच्या काळातही, दुसऱ्या कुणाचं पेय भरायचं नाही. मग बॉटलिंग कंपनीचे शेअर पेप्सीच्या बाजूला गेले आणि त्यांना पेप्सीसाठी काम करायचं होतं. कोका कोला मुंबई हायकोर्टात आली, मनाई मिळाली, सुप्रीम कोर्टानंही ती कायम ठेवली. म्हणणं असं की ही बंदी करार चालू असेपर्यंतचीच आहे, फ्रँचायझीचा धंदा नीट चालावा म्हणून आहे, ती धंदा रोखणारी होत नाही. आणि नोटिशीचं वर्ष हेही चालू करारातच मोजलं. हे लक्षात ठेवा, लोक नोटीस दिली की मोकळे झालो समजतात.

त्याच्याही आधी १९६७ चा निकाल आहे, कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधल्या गोलिकरी यांचा. पाच वर्षांचा करार, मध्येच सोडून कोट्याच्या दुसऱ्या रेयॉन कंपनीत गेले. कोर्टानं उरलेल्या मुदतीपुरती मनाई कायम ठेवली. तो नोकरीचा करार होता, पण तत्त्व तेच.

म्हणून ताई, तुम्ही जूनमध्ये बोर्ड बदलला तर कंपनीला मनाई हुकूम मिळायची दाट शक्यता आहे, आणि तोही शाळा भरलेली असताना मध्येच. मुलांचे हाल होतील. तुमचा खरा मुद्दा वेगळा आहे, तो म्हणजे कंपनीनं तिची बाजू पाळली नाही. किट कधी आले त्याच्या पावत्या, ट्रेनिंगसाठी केलेले मेल, सगळं तारखेवार लावा. करारात 'त्रुटी दूर करायला इतके दिवस' असं कलम असतं, त्याप्रमाणे लेखी नोटीस द्या. त्यांनी दुरुस्त केलं नाही तर करार रीतसर संपवता येतो, आणि तो रीतसर संपला की मग तुम्हीही कराडच्या दादांच्या बाकावर बसता.


सई_नाशिक | मंगळवार, रात्री १०:०२

दादा, पाया पडते तुमच्या. मी बॅनर छापायला टाकला होता. आत्ताच फोन करून थांबवला.


पन्हाळ्याचा | बुधवार, सकाळी ८:५०

माझा अनुभव लिहितो, कोल्हापुरातला, आईस्क्रीम पार्लर, सात वर्षांपूर्वीचा. करार संपल्यावर त्याच जागी स्वतःचं चालू केलं. कंपनीची नोटीस आली आणि मीही आधी नॉन-कॉम्पीट बघूनच घाबरलो. पण आमच्या वकिलांनी नोटीस दोनदा वाचून सांगितलं की हे कलम राहू दे, याच्या खालचा परिच्छेद जास्त धोक्याचा आहे. त्यात ट्रेडमार्कचं होतं. आणि तिथं चूक माझीच होती. बोर्ड उतरवला होता पण भिंतीला तोच जांभळा रंग, त्याच आकाराचं अक्षर, नावातही पहिलं अक्षर तेच ठेवलेलं, म्हणलं गिऱ्हाईक ओळखेल. जुन्या छापाचे कप दोन खोकी उरले होते, वाया कशाला घालवा म्हणून तेच वापरत होतो. गूगल मॅपवर दुकान अजून कंपनीच्या नावानं, फोन नंबर माझा.

वकील म्हणाले, धंदा करायचा हक्क तुझा आहे, त्यांचा मुखवटा घालून करायचा हक्क नाही. एका रविवारी मी आणि मेहुण्यानं भिंती पांढऱ्या केल्या, कप कंपनीला परत पाठवले, नाव पूर्ण बदललं, झोमॅटो-स्विगीवरची जुनी खाती बंद करून नवी काढली, बिलाच्या मशीनमधला हेडर बदलला. उत्तरात सगळ्याचे फोटो जोडले. त्यानंतर त्यांच्याकडून काही आलं नाही. दुकान चालू आहे.


ठाण्याची_मीनल | बुधवार, दुपारी १२:४०

वकीलसाहेब, गुडविलचा अपवाद म्हणालात त्यावर जरा लिहाल का? माझं आउटलेट मी विकतेय, कंपनीच्या परवानगीनं, एका मुलाला. तो म्हणतो करारात लिहून द्या की ठाण्यात परत असं दुकान काढणार नाही. हे रद्दच असेल तर लिहून द्यायला हरकत नाही असं मला वाटत होतं.


वकील_सह्याद्री | बुधवार, दुपारी ३:१०

मीनलताई, बरं झालं विचारलंत, कारण हे रद्द नाही. धंद्याचं गुडविल, म्हणजे दुकानाचं नावलौकिक आणि बसलेलं गिऱ्हाईक विकताना विकणाऱ्यानं असं लिहून दिलं, तर ठरावीक हद्दीत, आणि विकत घेणारा तो धंदा करतोय तोवर, ते बंधन लागू होतं. हद्द कोर्टाला वाजवी वाटली पाहिजे. त्यामुळे 'ठाण्यात' असं मोघम लिहू नका, ठाणे केवढं पसरलंय. नौपाड्यात दुकान असेल तर नौपाडा लिहा, वर्षं लिहा, आणि त्या मुलाकडून त्याची किंमत घ्या. तो मुलगा तुमचं गिऱ्हाईक विकत घेतोय, मग तुम्ही समोरच्या फुटपाथवर येऊन तेच गिऱ्हाईक परत ओढायचं नाही, हे मला न्यायाचंच वाटतं. फ्रँचायझी कंपनीनं मात्र कृष्णाकाठांकडून काही विकत घेतलेलं नाही, उलट पाच वर्षं पैसे घेतलेत. तिला हा अपवाद सांगता येत नाही.


एडिसनकर | बुधवार, रात्री ८:३०

न्यू जर्सीहून लिहितोय. वाचून आश्चर्य वाटलं कारण इकडे उलटं आहे. माझ्या मावसभावाचं फ्रँचायझी दुकान होतं, सोडल्यावर दोन वर्षं त्याला त्या भागात तो धंदा करता आला नाही, आणि त्याच्या वकिलानंच सांगितलं की मुदत-अंतर वाजवी असेल तर इथली कोर्टं बहुतेक राज्यांत असं कलम मान्य करतात. २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं नोकरदारांची नॉन-कॉम्पीट बंद करायचा नियम काढला, त्यातूनही फ्रँचायझी घेणाऱ्यांना वगळलं होतं, आणि तो नियमही ऑगस्ट २०२४ मध्ये टेक्सासच्या कोर्टानं रद्द केला. एक गोष्ट मात्र इकडे चांगली आहे. सही करायच्या किंवा पैसे द्यायच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला एक जाडजूड कागदपत्र हातात द्यावंच लागतं, त्यात फी, कंपनीवरचे खटले, किती दुकानं बंद पडली, सगळं. भारतात असं आहे का?


वकील_सह्याद्री | बुधवार, रात्री ९:४५

नाही, एडिसनकर. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदाच नाही. करार कायदा, ट्रेडमार्क, स्पर्धा कायदा असं तुकड्या-तुकड्यांनी चालतं. मला स्वतःला ही फार मोठी उणीव वाटते. इथं हॉटेलच्या लॉबीत प्रेझेंटेशन, संध्याकाळी टोकन, आणि ऐंशी पानांचा इंग्रजी करार दुसऱ्या दिवशी सहीला. कराडच्या माणसानं तो कधी वाचायचा?


कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. अगदी तसंच झालं होतं, पुण्याला एका हॉटेलात. वकीलसाहेब, तुम्ही सांगितलेलं बघितलं. करार आपोआप एक वर्षानं वाढतो, नको असेल तर तीस दिवस आधी लेखी नोटीस, तीही पोस्टानं, त्यांच्या नोंदणीकृत पत्त्यावर! मी नुसता मेल केलाय. आज मोजलं तर चौतीस दिवस राहिलेत.

अजून तीन शंका. दहा लाखाचं काय? कुटुंबातलं कुणीही असं लिहिलंय, धाकटा भाऊ म्हणतो माझ्या नावावर काढू, ते चालेल का? आणि वाद झाला तर निवाडा कोर्टात नाही, लवादापुढं, तोही गुरुग्रामला, आणि लवाद कंपनीचा डायरेक्टर नेमणार असं आहे. तिथवर जायची आमची ऐपत नाही.


वकील_सह्याद्री | गुरुवार, सकाळी ७:३०

आधी पोस्ट. उद्यावर ढकलू नका, आजच स्पीड पोस्टनं पाठवा, पोचपावती ठेवा, ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट काढा, त्याचाच मेलही करा. ही नोटीस वेळेत गेली नाही तर करार वर्षभर चालू राहतो आणि तुम्ही सईताईंच्या जागी येता. कलम १८ पेक्षा हा एक दिवस महत्त्वाचा आहे.

दहा लाख. बंदीच रद्दबातल असेल तर ती मोडल्याचा दंडही उभा राहत नाही. आणि एरवीही करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते, त्याच्या आत वाजवी भरपाई मिळते, आकडा लिहिला म्हणून तेवढे मोजून द्यायचे असं नसतं.

भावाच्या नावाचा मार्ग घेऊ नका. ज्यानं सही केली नाही त्याला करार बांधत नाही हे खरं, पण भाऊ नावाला आणि गल्ल्यावर तुम्ही, असं दिसलं की कोर्टाला लपवाछपवी वाटते. तुमची बाजू स्वच्छ आहे, ती स्वच्छच ठेवा. कोका कोलाच्या प्रकरणात बॉटलिंग कंपनीचं स्वतःचं वागणंही कोर्टानं तिच्या विरोधात मोजलं होतं.

लवाद. निकालात ज्याचं हित गुंतलंय त्यानं एकट्यानं लवाद नेमायचा नाही हे सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात स्पष्ट केलंय. त्यामुळे डायरेक्टरनं नेमलेल्या माणसाला तुम्ही लेखी हरकत घेऊ शकता. गुरुग्रामचं ठिकाण मात्र बदलणं अवघड, तेवढा खर्च मनात धरा.

३१ तारखेपर्यंत चहा त्यांचाच, पावडर त्यांचीच, रॉयल्टी वेळेवर. 'लवकरच येत आहे'चा फलक लावू नका. नवा बोर्ड करून घरी ठेवला तर हरकत नाही. आणि हे सगळं वाचलंत तरी करार घेऊन साताऱ्याला किंवा कराडातच एखाद्या वकिलाकडे जाऊन बसा, मी तुमचा कागद डोळ्यांनी बघितलेला नाही.


मुठेकाठी | गुरुवार, सकाळी ९:००

मी चुकीचं सांगितलं होतं, मनापासून माफी मागतो कृष्णाकाठ. शेजारच्यांना हा धागा वाचून दाखवला. त्यांचा करार संपून दीड वर्ष झालंय. काका बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले पातेली अजून माळ्यावरच आहेत.


कृष्णाकाठ | तीन महिन्यांनी, रविवार, दुपारी ४:२०

मंडळी, धागा वर काढतोय. नोटीस वेळेत पोचली, पोचपावती फाइलला आहे. ३१ ला रात्री साडेदहाला शेवटचा कप दिला, शटर अर्धं ओढलं आणि भावानं नि मी शिडी लावून बोर्ड उतरवला. भिंतीवर आठ स्क्रूची भोकं होती, ती पुट्टीनं भरली. पन्हाळ्याच्या दादांचं वाचून केशरी पट्टा पूर्ण काढला. उरलेली सव्वीस पाकिटं पावडर, कप, एप्रन, मेनूकार्ड सगळं मोजून, यादी करून ट्रान्सपोर्टनं परत पाठवलं. शॉप ॲक्टवर नाव बदललं, फूड लायसन्स आधीपासून माझ्याच नावावर होतं. चार दिवस दुकान बंद ठेवलं.

पाचव्या दिवशी आमच्या नावानं चालू केलं. चव वेगळी आहे, ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो. त्यांचा मसाला पाकिटातून यायचा, त्यात काय होतं ते मला कधी कळलंच नाही, त्यामुळे चोरायचा प्रश्नच नाही. हा आईचा, सुंठ-वेलची-जायफळ, आणि म्हशीचं दूध पाटणच्या बाजूनं येतं. पहिल्या आठवड्यात निम्मं गिऱ्हाईक आलं, आता जवळपास सगळं परतलंय. बाजार समितीतले हमाल तर पहिल्या दिवसापासून येतात.

कंपनीची नोटीस आली एक, दहा लाखाची. कराडच्या वकिलांनी दोन पानी उत्तर दिलं, कलम २७, झहीर खानचा निकाल, आणि वस्तू परत केल्याची यादी जोडून. पाच आठवडे झाले, पुढं काही आलेलं नाही. डिपॉझिटचे पन्नास हजार मात्र अडकवलेत, त्याची नोटीस आता आम्ही काढतोय. वकीलसाहेब, डिपॉझिटवर व्याज मागता येतं का, आणि कुठल्या तारखेपासून?


सई_नाशिक | रविवार, सायंकाळी ६:०५

अभिनंदन दादा, वाचताना डोळे भरून आले. माझ्या नोटिशीला कंपनीनं उत्तर दिलं, त्यांचा माणूस येऊन गेला. थकलेलं ट्रेनिंग झालं, यंदाचे किट्स मे महिन्यातच पाठवतो असं लेखी दिलंय. बघते. नाही पाठवले तर दुसऱ्या नोटिशीचा मसुदा तयार आहे.


वकील_सह्याद्री | रविवार, रात्री ९:१०

कृष्णाकाठ, व्याज मागा. करारात डिपॉझिट किती दिवसांत परत द्यायचं ते लिहिलं असेल, ती मुदत संपली त्या दिवसापासून. करारात व्याजाचा दर नसेल तर नोटिशीत दर आणि तारीख दोन्ही स्पष्ट लिहा. वस्तू परत पोचल्याची ट्रान्सपोर्टची सही असलेली पावती आहे ना? त्याची झेरॉक्स जोडा, मूळ प्रत देऊ नका.


कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:२५

आहे. सव्वीस पाकिटं, मोजून घेतल्याची सही सुद्धा.